कार्डावर अनोळखी व्यवहार दिसल्यावर

क्रेडिट कार्डावर आपण न केलेला व्यवहार झाल्याचा एसएमएस आला, की पुष्कळ माणसे त्या संदेशात ज्या दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे नाव असते, त्याचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधतात आणि त्यांनाच जाब विचारायला जातात. मी एका बँकेच्या कार्ड विभागात ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याचे काम काही वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते, की या शोधाशोधीत गेलेला वेळ फार महागात पडतो. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ म्हणून सापडणारे अनेक क्रमांक भामट्यांनीच पेरून ठेवलेले असतात, आणि शिवाय कार्ड बंद करण्याचा अधिकार त्या दुकानाकडे नसून केवळ कार्ड देणाऱ्या बँकेकडे असतो.

म्हणून सर्वप्रथम बँकेचे ॲप उघडून कार्ड तात्काळ ब्लॉक करावे. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा, कारण कार्ड हरवले किंवा चोरीला गेले, तर त्याच्या मागचा क्रमांकही त्याच्याबरोबरच जातो. फोनवर तक्रार नोंदवल्यानंतर तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि त्याच दिवशी बँकेला ईमेल पाठवावा. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ, संदेशात आलेले दुकानाचे नाव आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हे एक स्पष्ट वाक्य असले, की पुरे. संपूर्ण कार्ड क्रमांक किंवा सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला गुप्त सुरक्षा क्रमांक) मात्र ईमेलमध्ये कधीही लिहू नये.

लेखी तक्रारीचा मी एवढा आग्रह धरते, त्याला कारण आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाने किती नुकसान सोसायचे याची मर्यादा घालून दिली, आणि ही मर्यादा ग्राहकाने बँकेला केव्हा कळवले यावर अवलंबून ठेवली. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, त्रयस्थ ठिकाणाहून माहिती फुटली आहे, अशा प्रसंगी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर कोणताही भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात कळवले, तर पाच लाखांपर्यंत खर्चाची मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डासाठी २५,००० रुपये, किंवा व्यवहाराची प्रत्यक्ष रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने सोसायची असते. असे सात दिवस उलटून गेले, की ग्राहक बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहतो. दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस धरत नाहीत. याच परिपत्रकानुसार बँकेने तक्रार आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते, तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. ही शेवटची तरतूद फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ‘तुम्हीच ओटीपी दिला असेल’ असे कोणी तोंडी सुनावले, तर त्याचा पुरावा लेखी मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी, पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगितला असेल, तर नियम बदलतो. अशा वेळी बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान ग्राहकाने सोसायचे आणि कळवल्यानंतर झालेले बँकेने. हे वाचून ज्यांना वाटेल की आता तक्रार करण्यात अर्थ नाही, त्यांना मी कळकळीने सांगेन, की याच प्रसंगी घाई अधिक आवश्यक आहे. भामटे एका व्यवहारावर थांबत नाहीत. मर्यादा शिल्लक असेपर्यंत ते एकामागून एक रकमा उचलत राहतात, आणि तुमची तक्रार ज्या मिनिटाला नोंदली जाते, त्या मिनिटापासून जबाबदारीचा काटा फिरतो. घरच्यांना काय तोंड दाखवायचे या विचाराने दोन-दोन दिवस गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत. फसवणूक करणारा शिक्षेला पात्र असतो, फसलेला नव्हे. त्यामुळे लाज वाटण्याचे काहीही कारण नाही.

ओटीपी लोक देतात तरी कसा, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो संदेश नीट पाहिला पाहिजे. आमच्या नात्यातल्या साताऱ्याच्या एका मावशींना फोन आला, की तुमच्या कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होणार आहेत, ते रोख रकमेत बदलून देतो. बोलणारा अत्यंत आदबशीर होता, त्याला त्यांचे पूर्ण नाव आणि कार्डाचे काही अंक माहीत होते. पुढे आलेल्या संदेशात आकडा सर्वांत आधी होता, आणि मावशींनी तेवढाच वाचला. त्याच संदेशाच्या पुढच्या ओळीत, हा ओटीपी अमुक दुकानात चाळीस हजारांच्या वर रक्कम भरण्यासाठी आहे आणि तो कोणालाही सांगू नका, असे सरळ लिहिलेले होते. रक्कम येणार असे सांगितले जात असताना संदेशात रक्कम जाणार असल्याचे लिहिलेले असते, आणि सारी फसवणूक त्या एका ओळीत उघडी पडते. म्हणून घरातल्या मोठ्यांना ‘ओटीपी देऊ नका’ एवढेच न सांगता, ओटीपीचा संदेश शेवटपर्यंत वाचायला शिकवावे, त्यांच्याच मोबाइलवरचा एखादा जुना संदेश उघडून रक्कम कुठे लिहिलेली असते आणि दुकानाचे नाव कुठे असते, हे बोट ठेवून दाखवावे. कार्डावर पैसे जमा होण्यासाठी ओटीपी लागत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

अलीकडे तर ओटीपी विचारण्याचीही गरज उरलेली नाही. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल येते, केवायसी अद्ययावत करण्यासाठी ती उघडायला सांगितले जाते, आणि एकदा ती मोबाइलमध्ये बसली व तिला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली, की ओटीपी परस्पर भामट्याकडे पोहोचतो. असे काही उघडले गेले असेल, तर आधी त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोलावे.

बँकेपाठोपाठ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरावी. कार्डातून उचललेले पैसे बहुधा एखाद्या वॉलेटमध्ये किंवा गिफ्ट व्हाउचरमध्ये वळवले जातात, आणि ते तेथून पुढे सरकण्यापूर्वी माहिती पोहोचली, तर रक्कम रोखून धरता येते. काही तास गेल्यावर ती शक्यता झपाट्याने कमी होते. या तक्रारीची पोचपावती बँकेच्या डिस्प्यूट अर्जालाही, म्हणजे व्यवहार अमान्य असल्याच्या अर्जालाही जोडावी.

पुढे बिल येते, तेव्हा आणखी एक गोंधळ होतो. वादातली रक्कम बिलात दिसली म्हणून रागाने सबंध बिलच न भरणारे ग्राहक असतात, आणि मग त्यांनी स्वतः केलेल्या खरेदीवरही व्याज व विलंब शुल्क चढते. वादातली रक्कम वगळून उरलेले बिल मुदतीत भरावे आणि तसे भरल्याचे बँकेला ईमेलने कळवावे. ग्राहकाने फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत शुल्क आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही ते आकारले गेले, तर नियमाचा उल्लेख करून परत मागावे. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागता येते. तेथे तारखांसह जपून ठेवलेले ईमेल फार उपयोगी पडतात.

प्रतिबंधाच्या उपायांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवण्याचा. भारतीय संकेतस्थळांवर कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी पडताळणी २००९ पासून सक्तीची आहे. परंतु अनेक परदेशी संकेतस्थळे केवळ कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही घेऊन रक्कम वळती करतात. मध्यरात्री डॉलरमध्ये झालेल्या व्यवहारांच्या तक्रारी आमच्याकडे येत, त्यांत ग्राहकाने कोणालाही काहीही सांगितलेले नसे. जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने बँकांना कार्डाचे ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि स्पर्शविरहित (कार्ड यंत्राजवळ नुसते धरून होणारे) वापर वेगवेगळे चालू-बंद करण्याची व प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय द्यायला लावली. ॲपमध्ये ही सोय दोन मिनिटांत सापडते. परदेशप्रवासापुरता किंवा एखाद्या खरेदीपुरता आंतरराष्ट्रीय वापराचा पर्याय चालू करून लगेच बंद करावा, आणि ऑनलाइन मर्यादाही आपल्या नेहमीच्या खरेदीला पुरेल एवढीच ठेवावी. मोबाइल क्रमांक बदलला, तर बँकेत तो त्याच आठवड्यात बदलून घ्यावा, नाहीतर सूचनेचे संदेश जुन्या क्रमांकावर जात राहतात आणि तीन दिवसांची मुदत आपल्या नकळत संपण्याची भीती असते. एखाद-दोन रुपयांचा अनोळखी व्यवहारही दुर्लक्षू नये; चोरलेले कार्ड चालते का, हे पाहण्यासाठी अशी लहान रक्कम आधी वापरून बघतात.

फसवणूक झाल्यावर काही दिवसांनी दुसरा फोन येण्याचा संभव असतो. बोलणारा सायबर पोलिसांतून किंवा रिझर्व्ह बँकेतून बोलत असल्याचे सांगतो, तुमच्या नुकसानीचा आकडाही अचूक सांगतो, आणि गेलेली रक्कम सोडवून देण्यासाठी आधी थोडे शुल्क भरायला लावतो. हा बहुधा त्याच टोळीतला माणूस असतो. पैसे परत देण्यासाठी पोलीस, बँक किंवा रिझर्व्ह बँक ग्राहकाकडून कसलेही शुल्क घेत नाही, म्हणून तो फोन तेथेच बंद करावा आणि तो क्रमांक आपल्या मूळ तक्रारीत जोडून द्यावा.