लोणार: काठावरचे तिरपे थर

सह्याद्रीत भटकून डोळ्यांना एक सवय लागते. काळ्या कातळाचे थर आडवेच दिसायचे. हरिश्चंद्रगडावरून समोरचा डोंगर पाहावा, तर लाव्हाचे थर जणू पट्टी धरून आखलेले. लोणारच्या काठावर मात्र नजर अडखळली.

सिंदखेडराजाहून आम्ही सकाळीच निघालो होतो. काठावर पोचलो आणि एकदम समोर पावणेदोन किलोमीटरहून रुंद, जवळजवळ गोल विवर, तळाशी हिरवट पाणी. मी पाण्याकडे बघत राहिले. बरोबरची मैत्रीण, कॉलेजात भूशास्त्र शिकवणारी, म्हणाली, "अगं, पाणी नंतर बघ. आधी समोरचा कडा बघ."

कड्यात लाव्हाचे पाच-सहा थर दिसतात, मध्ये लालसर मातीच्या रेघा. खाली ते आपल्या ओळखीचे, आडवे. वर काठाशी येता येता मात्र ते उचलले जातात आणि बाहेरच्या बाजूला कलतात. "जमीन खचून खड्डा पडला असता, तर थर आत झुकले असते," ती म्हणाली. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच का आहे, तेही मग उमगलं. मधूनच काहीतरी उसळलं होतं.

पण एवढ्यावर भागत नाही. जमिनीखाली कोंडलेली वाफ फुटली तरी थर असे उचलले जाऊ शकतात, आणि सगळा मुलूखच लाव्हाचा असल्यामुळे लोणार ज्वालामुखीचंच असं बराच काळ मानलं जाई. खरं तर दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हे विवर त्या मानाने अगदी अलीकडचं. ते नेमकं किती जुनं यावर अजून वाद आहे: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार.

खरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. तळ्याच्या तळाला छिद्रं पाडून गाळाखालचा भग्न खडक वर काढला गेला, आणि १९७३ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच झाली होती, तीही न वितळता, स्फटिकाचा आकार तसाच ठेवून. त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या लाखो पट दाब लागतो. तो ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही, उल्काघाताच्या आहे. इतर देशांतल्या विवरांमध्ये असा आघात क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या खनिजाच्या, कणांवरच्या बारीक समांतर रेघांतून ओळखतात. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या कातळात, क्वार्ट्झ जवळपास नाहीच, म्हणून इथे साक्ष फेल्डस्पारची. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली! मंगळाची जमीनही बरीचशी बेसाल्टची, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारकडे वळतात. हे ऐकून मी रस्त्यातच थांबले.

बाभळींमधून उतरून कमळजा देवीच्या देवळाशी पोचलो. खारट, क्षारयुक्त पाण्याचा उग्र वास नाकात भरतो. काठावर मोर ओरडत होते. आम्ही फार बोललो नाही.

परतताना गावात दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. लोणासुराच्या बिळावरचं झाकण विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवलं, अशी कथा. देवळाची कोरीव भिंत बघण्यात अर्धा तास गेला. मग गावाबाहेर, एका ओढ्याच्या कापलेल्या काठाशी मैत्रिणीने गाडी थांबवली. इथे थर नव्हतेच: मुठीएवढे, डोक्याएवढे टोकदार दगड भुकटीत कसेही कोंबलेले, आणि त्याखाली जुनी काळी माती. विवरातून उडालेला मलबा काठापासून किलोमीटरभरापलीकडेही असा पसरलेला आहे.

"हे बघ झाकण," ती म्हणाली.