वाळपईचे घड्याळ

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी सकाळी आमच्या पडद्यावर जे आकडे आले, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून पाठवलेले माहितीचे तुकडे, निघण्याआधीच पोहोचत होते. फोंड्याहून वाळपईला जायला लागलेला वेळ उणे ४१ मिनिटे. वाळपईहून फोंड्याला यायला अधिक ४१ मिनिटे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि ही दोन गावे एकमेकांपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे दोन्ही आकडे अशक्य.

मी फोंड्याजवळ फर्मागुढीला एका संशोधन गटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पेडणे, डिचोली, वाळपई, मडगाव, काणकोण अशा ठिकाणी लोकांच्या घरांत आणि शाळांत आम्ही रास्पबेरी पायचे, म्हणजे हातात मावणाऱ्या संगणकाचे, छोटे डबे ठेवले आहेत. प्रत्येक डबा म्हणजे एक नोड. प्रयोग करणाऱ्याने एका फाइलीत काय हवे ते लिहायचे. पुढचे सगळे माझ्या साधनाने करायचे: प्रोग्रॅम सगळ्या नोडवर पोहोचवणे, सगळीकडे एकाच वेळी सुरू करणे, चालू असताना लक्ष ठेवणे, नोंदी गोळा करणे आणि शेवटी मागे काही न ठेवता आवरणे.

वाचायला हे सोपे वाटते. अडचण आहे ती ‘सगळ्या’ आणि ‘एकाच वेळी’ या शब्दांत. २००२ साली अमेरिकेत प्लॅनेटलॅब सुरू झाले. वाढत वाढत ते जगभरातल्या शेकडो संस्थांमधल्या हजाराहून अधिक यंत्रांचे जाळे झाले आणि २०२० मध्ये बंद झाले. त्यावर काम करणाऱ्यांना लवकरच कळले की कुठल्याही क्षणी काही यंत्रे बंद असतात, काही इतकी दमलेली असतात की उत्तर द्यायला मिनिटे घेतात. सगळे येईपर्यंत थांबायचे ठरवले तर प्रयोग कधीच सुरू होत नाही. जीनी अल्ब्रेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी प्लश नावाचे साधन केले आणि २००६ मध्ये ‘आंशिक अडथळा’ ही कल्पना मांडली. पुरेसे नोड आले, किंवा येणाऱ्यांचा ओघ मंदावला, की दार उघडायचे, म्हणजे प्रयोग सुरू करायचा. चवथीत घरोघरी आरती करत फिरणारे जसे शेवटच्या माणसासाठी खोळंबत नाहीत, मागून येणारा पुढच्या घरात सामील होतो, तसेच हे. माझ्या साधनाचा कणा हीच कल्पना आहे. इतक्या वर्षांनंतरही ती मला फार सुंदर वाटते.

प्रयोग आमच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा होता. चवथीला पणजी, वास्को रिकामे होतात, माणसे मूळ गावच्या घरी जातात. त्या दिवसांत गावाकडच्या जाळ्यावर काय ताण येतो, हे तिला मोजायचे होते, तेही जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा धरून. तिने आकडे पाहिले आणि म्हणाली, “सर, वाळपई वगळू या का? बाकीचे नोड ठीक आहेत. उणे वेळ म्हणजे खराब डेटा, कुणीही काढूनच टाकेल.”

मी नाही म्हणालो. माझे मत याबाबत पक्के आहे. जो नोड विचित्र वागतो तो वगळायचा, अशी सवय लागली की वगळले जाणारे नोड नेहमी एकाच जातीचे निघतात. ते डोंगराकडचे असतात, जिथे वीज जाते आणि जिथे एका केबलवर अख्खा वाडा चालतो. आमच्या जाळ्यात सत्तरी तालुक्यातला, वाळपईचा, तो एकच नोड होता. तो गेला असता तर ‘गावाकडचे जाळे’ म्हणून जे उरले असते ते शहराच्या कडेचे जाळे. मोजणी करणाऱ्या साधनाने नोडची साक्ष जपली पाहिजे, ती सोयीची नसली तरी.

म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज केली. ४१ मिनिटे एकमेकांत विरघळली आणि उरले ३८ मिलिसेकंद. जाऊन येण्याचा हा फेरा अगदी शहाण्यासारखा आहे, कारण नोड ठेवलेल्या त्या दोन घरांचे पुरवठादार वेगळे असल्याने फोंड्याचे पॅकेट वाळपईला मुंबईमार्गे जाते. (शेजारच्या तालुक्यात जायला मुंबई गाठायची, हे मला दर वेळी खुपते.) म्हणजे जाळे ठीक होते आणि वाळपईचे घड्याळ ४१ मिनिटे मागे होते. नेटवर्कवरून घड्याळे जुळवणारा एनटीपी हेच गणित करतो: जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांची बेरीज केली की फेरा मिळतो, वजाबाकी करून निम्मे केले की घड्याळातला फरक मिळतो. त्या फरकात चूक राहिली तरी फेऱ्याच्या निम्म्याहून जास्त राहत नाही. इथे ती १९ मिलिसेकंदांच्या आत होती.

पण घड्याळ मागे पडले कसे? आमच्या डब्यात वेळेचे ठोके देणारा स्फटिक आहे, पण वीज गेल्यावरही वेळ सांभाळणारे बॅटरीवरचे घड्याळ नाही. डबा दर तासाला वेळ लिहून ठेवतो आणि उठला की शेवटची लिहिलेली वेळ खरी मानतो. मग एनटीपीने ती दुरुस्त करायची असते. डब्यातली लिनक्स ही कार्यप्रणाली प्रत्येक वेळी सुरू होताना स्वतःला एक नवी यादृच्छिक ओळख देते आणि माझे साधन ती ओळख प्रत्येक नोंदीबरोबर साठवते. वाळपईच्या नोंदींत ती मधेच बदललेली दिसली. डबा बंद होऊन पुन्हा उठला होता. वीज गेल्याची खूण मात्र नव्हती, कारण त्याच वाड्यातल्या शाळेत आमचा नोड नसला तरी तिच्याकडे जाणारा आमचा पिंग, म्हणजे ‘आहेस का’ विचारणारा संदेश, अखंड चालू होता.

दुपारी आम्ही दोघे निघालो. उसगाव-तिस्क ओलांडले, तसा रस्ता माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या, सामानाने भरून गेला. सुपाऱ्यांचे घोस, आंबाडे, तोरिंगे, तवशी. वाळपईला डबा ठेवलेल्या घरातल्या काकींनी मखराकडेच बोट दाखवले. “अरे, तुमची ती पेटी ना? माळ लावायला पोरांनी काढली होती सकाळी. मग दुसरीकडे लावली. बंद नाही हां ठेवली, मी सांगितलेलं त्यांना.”

त्यांनी खरोखरच लक्ष ठेवले होते. आणखी एक गोष्ट सहज बोलता बोलता कळली. थोरला मुलगा पुण्याहून येणार, त्याला घरून काम करायचे, म्हणून त्याच सकाळी केबलवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला होता. नव्या राउटरमधून एनटीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे त्याच्या संदेशांची ठरलेली वाट, बंद होते. या पोर्टाचा हल्ल्यांसाठी गैरवापर होत असल्याने बरेच जण ते अडवतात. डबा जुनी वेळ घेऊन उठला आणि त्याला वेळ विचारायला दारच नव्हते. दोन्हींपैकी एकच घटना घडली असती तर आम्हाला काही कळलेही नसते. दोन्ही एकाच सकाळी घडल्या.

केबलवाला सणाच्या धावपळीतही आला आणि त्याने पोर्ट उघडून दिले. घड्याळ एका उडीत जागेवर आले.

तिथेच ओसरीवर बसून मी साधनात बदल केला. आता प्रयोगाचे दार उघडण्याआधी प्रत्येक नोडशी नियंत्रणाच्याच जोडणीवरून चार वेळांची (दोन्ही टोकांना संदेश पाठवल्याच्या आणि मिळाल्याच्या) देवाणघेवाण होते. त्यासाठी १२३ पोर्ट लागत नाही. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर असला तर नोड अडवला जात नाही, पण त्याच्या एकतर्फी वेळांवर ‘घड्याळ अविश्वसनीय’ असा शिक्का बसतो. फेऱ्याचा वेळ आणि हरवलेली पॅकेट ग्राह्य राहतात. मधे डबा उठला, तर नोंदी त्या जागी तोडल्या जातात. विद्यार्थिनीने सकाळचा डेटा याच रीतीने विभागला. डबा बंद होण्याआधीचे सगळे ठेवले, नंतरचे फक्त फेरे घेतले.

काकींनी नेवऱ्या बांधून दिल्या. अंधार पडायच्या आत फर्मागुढीला पोहोचून प्रयोग पुन्हा लावला. वाळपई मर्यादेत होती. पेडणे तेवढे येत नव्हते. ओघ थांबला तसे दार उघडले, मोजणी सुरू झाली. पेडणे मागाहून आले, त्याच्यासमोर ‘उशिरा सामील’ अशी नोंद पडली आणि त्याचे आकडे तिथपासून धरले.