दादाची वही

२९ मार्च, रात्री साडेदहा

आज दिवसभर डोक्यात एकच आकडा आहे, १,६८,००० रुपये. आमच्या केंद्रात पोरांना सांभाळणाऱ्या दादाचं वर्षाचं मानधन, महिन्याला १४,००० प्रमाणे. ज्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या निधीतून, हे पैसे यायचे तिचं आर्थिक वर्ष परवा संपतंय, आणि काल त्यांचा फोन येऊन गेला. कामाबद्दल तक्रार काहीच नाही, अहवालही वेळेवर मिळाले, पण पुढच्या वर्षी त्यांनी पर्यावरण हा विषय घेतलाय. बोलणाऱ्या मुलीला खरंच वाईट वाटत होतं. निर्णय तिचा नव्हता, तिला काय बोलणार.

नागपुरात कामठी रोडवरून आत गेलं की वस्तीत आमची टिनाची एक खोली आहे. संध्याकाळी पाच ते नऊ उघडी असते. बारा ते अठरा वयाची पोरं येतात. कुणी शाळा सोडलेलं, कुणी भंगार वेचणारं, कुणी पंक्चरचं सोल्युशन हुंगणारं, आणि दोन-चार बाल न्याय मंडळाकडून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळाकडून, घरी पाठवलेली. २०१५च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम १८ प्रमाणे मंडळ मुलाला समज देऊन, समुपदेशन सांगून, चांगल्या वागणुकीच्या हमीवर आईबापाकडे सोडू शकतं. मला ही तरतूद मनापासून पटते. पोरगं घरीच वाढायला हवं. पण घरी आल्यावर आई कामावर असते, बाप बहुतेक वेळा नसतोच, आणि संध्याकाळी सहा वाजता गल्लीच्या तोंडाशी जुने दोस्त उभे असतात. त्या सहाच्या वेळेसाठी आमची खोली आहे.

गेल्या जुलैत एक पोरगा आला. सोळा वर्षांचा. नाव लिहीत नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि नसती तरी मी लिहिलं नसतं. पहिले पंधरा-वीस दिवस तो उंबरठ्याच्या आत आलाच नाही. दादाने बोलावलंही नाही. एक दिवस कॅरमची पावडर संपत आली होती. दादाने डबा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "जरा सांभाळून टाकजो, उद्यापर्यंत पुरवायची हाय." त्याने चिमटीने, अगदी मोजून पावडर टाकली. त्या दिवसापासून पावडरचं काम त्याचं. दसऱ्यापर्यंत कपाटाची किल्ली त्याच्याकडे आली होती.

दिवाळीत तो गायब झाला. चौथ्या दिवशी दादाला स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या बाजूला सापडला. दादा रागावला नाही. दोघांनी तर्री पोहे खाल्ले आणि ऑटोने परत आले. हे मला दादाच्या वहीतून कळलं. शंभर पानी साधी वही आहे, घरभेटींची. त्यात त्या दिवशी एवढंच लिहिलंय: "सापडला. किल्ली खिशातच होती." आणि जानेवारीतल्या एका पानावर: "आई घरी नव्हती. पोराने चहा केला. पहिल्यांदा आत बसवलं."

हे मी प्रस्तावात कुठे लिहू? फॉर्ममध्ये रकाना असतो लाभार्थी संख्येचा. शिलाई मशीन मागा, दप्तरं मागा, प्रोजेक्टर मागा, महिनाभरात मिळतो, उद्घाटनालाही कुणीतरी येतं. मानधन म्हटलं की हात आखडतो. "हा तर ॲडमिन खर्च झाला, आम्हाला पाच टक्क्यांचं बंधन आहे," असं मला आजवर तीन ठिकाणी ऐकावं लागलं. सीएसआर नियमांतली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष चालवायला जो खर्च येतो तो त्यात धरत नाहीत. आमचा दादा म्हणजेच प्रकल्प. त्याला वगळलं तर उरते टिनाची खोली आणि कॅरम बोर्ड. दुसरं म्हणजे, त्याच नियमांत चालू राहणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो. म्हणजे कंपनीने ठरवलं तर आज दिलेला शब्द या पोराच्या अठराव्या वर्षाच्या पुढेपर्यंत पुरतो. तरीही दर मार्चला आम्ही नव्याने दारात उभे.

सरकारी मदत आहे. मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या सरकारी योजनेत पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळतं, केंद्र आणि राज्य ६०:४० वाटा उचलतात. दोन मुलांचे अर्ज आम्हीच भरून दिले. ते पैसे मुलाच्या घरी जातात, आणि जायलाच हवेत. त्यातून दादाचं मानधन निघत नाही. देणगी आणि सीएसआर घ्यायला संस्थेला लागणारे बाकी कागद जागेवर आहेत: १२ए आणि ८०जी ही आयकराची नोंदणी, सीएसआर-१ ही सीएसआरची नोंदणी, ऑडिट.

आपल्याच नागपुरात विजय बारसे सरांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये त्यातून स्लम सॉकर ही वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारी संस्था उभी राहिली. आज ते आठवलं, कारण फुटबॉल एखाद वेळी कुणीही आणून देईल. दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही मैदानावर येणारं माणूस मिळणं फार अवघड.

संध्याकाळी किल्लीवाला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ताई, दादा एक तारखेपासून येनार नाही म्हन्ते सारे. खरं हाय का?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, "पैशाची जुळवाजुळव करून राहिली मी." तो काही बोलला नाही. कपाट लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि गेला.

घरी येऊन हिशोब मांडला. महिन्याला पाचशे रुपये देणारी अठ्ठावीस माणसं मिळाली तर १४,००० होतात. एका दादाचा महिना कुणाच्या थीमवर अवलंबून न राहता निघतो. ओळखीच्यांना फोन लावले. रात्री दहापर्यंत अकरा जण हो म्हणाले, त्यात माझी शाळेतली मैत्रीण, आमचे सीए आणि वस्तीतल्या किराणा दुकानाच्या काकू. बारावा फोन मी लावलेला नव्हता, तो आला. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे येणारा मुलगा, आता वर्धा रोडवर टायरच्या दुकानात आहे. "ताई, पाचशे नाही जमत, दोनशे चालन का?" मला हो म्हणायलाही क्षणभर वेळ लागला, आवाज नीट फुटत नव्हता.

उद्या अकरा वाजता हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात भेट ठरली आहे. प्रस्ताव पुन्हा लिहून काढला. मानधनाची ओळ सगळ्यात वर घेतली आणि "कालावधी" समोर तीन वर्षं लिहिलं. फाइल पिशवीत ठेवली आहे. दादाची वही कापडात गुंडाळून वेगळी ठेवली. ती तिथे सोडून येणार नाही, नावं झाकून दोनच पानं वाचून दाखवणार आहे.