फवारणीनं झालं का?

तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्षबागायतदार लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा, रिपोर्ट घेऊन आला, की त्यात अदलाबदल झालेली १४ आणि १८ ही गुणसूत्रं कुठली हे विचारत नाही. विचारतो, "फवारणीनं झालं का हे?" पटकन हो-नाही म्हटलं नाही तर डॉक्टर टाळतायत असं वाटतं. टाळत नाही. प्रश्नच तिरका आहे.

अँटिबॉडी बनवायची तर बी-पेशीला (एक पांढरी रक्तपेशी) स्वतःचा डीएनए कापावाच लागतो. अस्थिमज्जेत रॅग नावाची एन्झाइमं १४ व्या गुणसूत्रावरचं अँटिबॉडीचं जनुक कापतात, मग टोकं सांधली जातात. नेमकं त्याच वेळी १८ व्यावर बीसीएल-२ जनुकापाशी तुटलेलं असेल, तर भलतीच टोकं जुळतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आता ते अँटिबॉडीच्या जनुकाच्या एन्हान्सरखाली (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) येतं आणि ऑटोवर टाकून विसरलेल्या मोटरीसारखं चालूच राहतं. फवारणीच्या औषधाचा थेंब अंगावर न पडताही हे घडतं. बर्किट या लिम्फोमाच्या प्रकारात ८ व्यावरचं मिक जनुक आणि मँटल सेल प्रकारात ११ व्यावरचं सायक्लिन डी-१ अँटिबॉडीच्या जनुकाच्या याच शेजाराला येऊन बसतं.

एवढ्यानं कॅन्सर होतो असंही नाही. धडधाकट माणसांच्या रक्तातही १४-१८ ची अदलाबदल झालेल्या तुरळक पेशी पीसीआर तपासणीत सापडतात; त्यातल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. पुढे केएमटी-२डी, क्रेबबीपी अशा जनुकांत आणखी बिघाड साचावे लागतात.

मग फवारणी निर्दोष? तेही मी लिहून देणार नाही. लिंडेन या कीटकनाशकाला आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २०१५ साली कर्करोगकारक ठरवलं, ते नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्याच (वरचे सगळे प्रकार याच गटातले) पुराव्यावर. फ्रान्समध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या रक्तात १४-१८ च्या पेशी जास्त आढळल्या. पण हा हिशेब गटाचा झाला, तुमच्या गाठीचा नव्हे.

गाठीचं म्हणाल तर फिश टेस्टमध्ये (जनुक तुटलंय का हे रंगांनी बघणारी तपासणी) बीसीएल-२ च्या दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवा प्रोब, म्हणजे चमकणारी खूण, लावतात. जनुक शाबूत असेल तर दोन्ही रंग चिकटून पिवळा ठिपका दिसतो. तुटलेल्या पेशीत एक पिवळा, एक सुटा लाल, एक सुटा हिरवा. गाठीच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या कापात केंद्रकच अर्धवट येतं, त्यामुळे ठिपका गायब झाला म्हणजे जनुक तुटलं असं धरत नाहीत. तुटलेल्या पेशींचं प्रमाण लॅबनं ठरवलेल्या मर्यादेच्या (कट-ऑफ) वर गेलं तरच पॉझिटिव्ह. तोडलं कुणी, ते कुठल्याच ठिपक्यावर दिसत नाही.

मुलांची तपासणी नको. ही अदलाबदल गाठीतल्या पेशींपुरती असते, वारशानं जात नाही. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसत्या स्लाइड नेऊ नका, पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.

आणि तोंडाला रुमाल बांधून, उघड्या हातांनी औषध कालवत असाल तर ते थांबवा. ते जास्त करून कातडीतूनच शिरतं.