दांड्या फुल, नेट गुल

आमचं गाव राजापूर तालुक्यात, फायबर काही वाडीपर्यंत आलेली नाही म्हणून उन्हाळ्यात फाईव्हजीचं ते घराबाहेर लावायचं युनिट घेतलं. लावायला आलेल्या पोराने पडवीच्या पत्र्याखाली, सगळ्यात जवळच्या टॉवरकडे तोंड करून ठोकलं, सिग्नलच्या दांड्या फुल दाखवल्या आणि गेला. प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड कधी ८ कधी १२. पाऊस लागल्यावर तर विचारूच नका, मीटिंगमध्ये मी तोंड उघडं ठेवून फ्रीज.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर, राऊटर बंद करून चालू करा". शेवटी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून आकडे बघितले, आरएसआरपी उणे ७८ म्हणजे मस्तच, पण एसआयएनआर फक्त २. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा आवाज केवढा, आणि एसआयएनआर म्हणजे बाकीच्या गोंगाटात तो समजतो किती. दांड्या बहुतेक वेळा पहिलाच आकडा बघून दाखवतात, तिथेच सगळे फसतात.

रविवारी जरा उघडीप मिळाली तशी युनिट काढलं, बाथरूमच्या स्लॅबवर टाकीशेजारी दीड इंची जीआय पाइप उभा केला आणि त्यावर क्लॅम्प केलं. मी वर, बाबा खाली खळ्यात मोबाईल घेऊन. थोडं थोडं फिरवायचं आणि मिनिटभर थांबायचं, कारण आकडा लगेच बदलत नाही, आणि बाबांना थांबवत नाही. "चार... पाच... परत तीन, अरे किती हलवतोस!" फिरवत फिरवत तोंड खाडीपलीकडच्या टॉवरकडे गेलं तर आरएसआरपी उणे ९४, म्हणजे १६ डेसिबल कमी, ताकद जवळजवळ चाळीसपट कमी! मी मागे वळवणारच होतो तेवढ्यात बाबा ओरडले, "सोळा! सोळा झाले, हात काढ!" एसआयएनआर १६. स्पीड ९२. जवळच्या टॉवरच्या वाटेत आमचा भिजलेला फणस आणि वर पत्रा, इकडे मध्ये नुसती खाडी.

केबल सरळ आत नेऊ नका, आत घेण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. आमचा आधीचा कनेक्टर हिरवा पडला होता.

एकच राहिलंय, वाऱ्याने पाइप किंचित फिरतो. गणपतीत भाऊ आला की तारेचे ताण देणार, तोवर मार्करने खूण करून ठेवलीय, वारा झाला की चढून बघतो.