अहवालात 'पिण्यास योग्य' होतं, ट्रायक्लोरचं नावच नव्हतं

नागपूरजवळच्या आमच्या लेआउटला पेंच धरणाचं पाणी अजून आलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या विहिरीवर मोटर आहे. तिथून पाणी टाकीत चढतं आणि सकाळी सहाला नळाला येतं. दिसायला नितळ, चवीला गोड. तक्रार करावी असं त्यात कधी काही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा संध्याकाळी फिरायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. विहिरीच्या वरच्या अंगाला, नाल्याला लागून एक प्लॉट आहे. तिथे कारखान्यांतले जुने ड्रम आणून धुतात आणि विकतात. बाबांची अख्खी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली. ग्रीस लागलेले पार्ट ट्रायक्लोरच्या, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन या ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाच्या (सॉल्व्हंटच्या) टाकीवर वाफेत धरून साफ करायचे. "ट्रायक्लोर आहे थे," ते म्हणाले. "गोडसर वास येऊन राहिला तिकडून. विहिरीत उतरलं असंल तं आपल्याले समजणार बी नाही."

का समजणार नाही, ते त्यांनी ओट्यावर दाखवलं. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, वर चमचाभर गोडेतेल टाकलं. ते तरंगलं. मग मध सोडला. तो सरळ धागा धरून तळाला गेला आणि तिथेच बसून राहिला. ट्रायक्लोरोइथिलीनचं तसंच आहे. एका लिटरचं वजन जवळजवळ दीड किलो. जमिनीत गेलं की पाण्याच्याही खाली जातं, खडकाच्या भेगांत साठतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. नागपूरच्या आमच्या बाजूला खाली काळा पाषाण आहे, आणि त्याला भेगाच भेगा.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत पाण्याचा अहवाल मागितला. जलसुरक्षक भाऊ सज्जन माणूस, लगेच फाईल काढली. "पहा ना ताई, पिण्यास योग्य आहे." गढूळपणा, पीएच, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, जिवाणू. सगळं मर्यादेत. मी तो कागद तीनदा वरून खाली वाचला. सॉल्व्हंट नावाचा एकही रकाना त्यात नव्हता. मग पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००:२०१२, मिळवून वाचलं. त्यात शिसं आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकं आहेत, क्लोरीनमुळे तयार होणारा क्लोरोफॉर्मही आहे. ट्रायक्लोरोइथिलीन नाही. 'योग्य' या शब्दावर इतकी वर्षं आम्ही निर्धास्त होतो. जे शोधलं त्यात पाणी योग्य होतं, एवढाच त्याचा अर्थ.

शहरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे माझी समजूत अशी की ही तपासणी नागपुरात कुठेही होत असेल. मी दोन लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन भरून एका खासगी प्रयोगशाळेत गेले. काउंटरवरच्या मुलाने कॅन बघूनच मान हलवली. प्लॅस्टिक चालत नाही, अर्धवट भरलेलं चालत नाही, शिवाय एनएबीएलने (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) त्यांना मान्यता दिलेल्या चाचण्यांच्या यादीत हा घटकच नव्हता. तिथून मी एक गोष्ट शिकले: आधी 'तुमच्या मान्यतेच्या यादीत हा घटक आहे का' हे विचारायचं आणि यादी स्वतः डोळ्यांनी बघायची. चौथ्या प्रयोगशाळेत होकार मिळाला. खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याइतका. शेजारच्या सहा घरांनी वाटून घेतला.

नमुना घेणं हे वेगळंच काम निघालं. त्यांनी ४० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या दिल्या, झाकणाला आतून टेफ्लॉन. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर पडते. ते क्लोरीन बाटलीतही काम करत राहू नये म्हणून ही पूड. पाणी बारीक धारेने, बाटलीच्या कडेने सोडायचं. काठोकाठ, तोंडावर पाण्याचा फुगा येईपर्यंत. मग झाकण लावून बाटली उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि बुडबुडा वर येतो का बघायचं. आला तर ती बाटली बाद, कारण सॉल्व्हंट उडून त्या हवेत जातो. माझ्या पहिल्या दोन बाटल्या बाद झाल्या. तिसऱ्या वेळी जलसुरक्षक भाऊंनी टॉर्च धरला, बाबांनी टिचकी मारली, आणि काही हललं नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून त्याच दुपारी पोचवल्या. पेट्रोलची वाफ नमुन्यात जाऊ नये म्हणून वाटेत गाडीत पेट्रोल भरायचं नाही, असंही प्रयोगशाळेने बजावलं होतं.

नऊ दिवसांनी कागद आला. विहिरीत ट्रायक्लोरोइथिलीन लिटरमागे १४ मायक्रोग्रॅम, घरच्या नळाला ९. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य ८, अमेरिकेतली मर्यादा ५. आणि भारतीय मर्यादेच्या रकान्यात एक आडवी रेघ. याच पदार्थाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा त्यामागे आहे. त्या रात्री मी लेकीच्या शाळेच्या बाटलीकडे बघत बसले होते.

   

कागद घेऊन एका कार्यालयात गेले. साहेब सभ्यपणे बोलले. "मॅडम, मर्यादाच नाही, तर ओलांडली कशी म्हणायची?" मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर घटकाची तपासणी करण्यात येत नाही. हे एका ओळीचं उत्तर पुढे फार उपयोगी पडलं, म्हणून सांगते, कितीही निरर्थक वाटलं तरी ते लेखी घ्याच.

वाट सापडली ती पाण्याच्या नव्हे, ड्रमच्या बाजूने. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीत ३३.१ क्रमांकावर 'घातक रसायनं लागलेली रिकामी पिंपं' स्पष्ट लिहिलेली आहेत. ती हाताळायला, धुवायला परवानगी लागते. आणि १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रदूषक पदार्थ जाऊ द्यायचा नाही त्या जागांत विहीर नावानिशी आहे. मी तक्रार पुन्हा लिहिली. या वेळी पाण्याचा आकडा दुसऱ्या पानावर, पहिल्या पानावर ड्रमचे तारखेसहित फोटो आणि ही दोन कलमं. तीन आठवड्यांत पाहणी झाली, पंचनामा झाला, ड्रम धुणं थांबलं.

पण जमिनीत गेलेलं तिथेच होतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बाबांनी तोच तेल-मधाचा ग्लास आणला. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "मंग उकळून प्यायलं तं?" बाबा म्हणाले, "उकळल्यानं थे उडते, पण जाते कुठं? तुमच्याच स्वयंपाकघरात." ठराव झाला: विहीर पिण्यासाठी बंद, पिण्याचं पाणी पलीकडच्या वस्तीच्या बोअरवरून, तेही आधी याच चाचणीतून तपासून, आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तपासणीचा खर्च ग्रामपंचायतीने करायचा. बोअरमध्ये काही सापडलं नाही.

विहिरीत मात्र पावसानंतर आकडा १४ वरून १७ वर गेलाय. पाणी चढलं की भेगांत बसलेलं ट्रायक्लोर हलतं, असं प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या. पुढच्या नमुन्याच्या चार बाटल्या आमच्या घरी येऊन पडल्यात. टिचकी मारायचं काम आता लेकीने मागून घेतलंय.