घरून काम आणि माझी संध्याकाळ

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि कोथरूडहून हिंजवडीला जाणारी आमची कंपनीची बस बंद झाली. जाण्यायेण्याचे तास वाचतील म्हणून मला मनापासून बरं वाटलं होतं. पण वाचलेले तास कामानेच घेतले. बस ठरलेल्या वेळी सुटायची, त्यामुळे हातातलं काम ठेवून उठावंच लागायचं. घरी तसं उठवणारं काही नव्हतं.

आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं, तिकडचं मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचा सकाळी दहाचा कॉल आमच्याकडे कधी संध्याकाळी साडेसातला, तर कधी रात्री साडेआठला. नेमकी पानं घ्यायची वेळ. आणि मी सकाळी नऊपासून लॅपटॉपसमोर असायचे.

सुरुवातीला मी घरातल्या घरात जे जमेल ते केलं. वेगळं टेबल, बरी खुर्ची, दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघणं. पाठ आणि डोळे सुधारले, पण संध्याकाळ काही हाती आली नाही. ती माझ्या एकटीच्या शिस्तीने मिळणारच नव्हती, कारण तिच्यावर टीममधल्या सगळ्यांचा हात होता. हे लक्षात आलं तेव्हा मी मॅनेजरशी बोलायचं ठरवलं.

बोलण्याआधी तयारी केली. महिनाभराच्या मीटिंगा काढून बसले आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, की इथे न्यूयॉर्कची माणसं समोर असणं खरंच गरजेचं होतं का. बहुतेक मीटिंगांत आम्ही फक्त काय झालं, काय राहिलं एवढंच वाचून दाखवत होतो. मग मांडलं: आठवड्यातून दोन दिवस कॉल, तोही त्यांच्या सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे साडेपाच किंवा साडेसहा. बाकीचे दिवस लेखी अपडेट. ‘क्लायंटला चालणार नाही’ ही मॅनेजरची पहिली प्रतिक्रिया. महिनाभर करून बघू, म्हटलं. क्लायंटने खळखळ न करता मान्य केलं. लेखी अपडेट मागाहून शोधता येतात म्हणून त्यांना ते आवडलंच.

खरी झटापट ‘अर्जंट’ या शब्दावरून झाली. रात्री दहाला येणारा प्रत्येक मेसेज अर्जंट असायचा. आम्ही टीमने बसून ठरवलं, की सिस्टिम बंद पडली किंवा ग्राहकांचे पैसे अडकले तरच रात्री फोन. बाकी सगळं सकाळी. दर आठवड्याला एकाची पाळी, फोन त्यालाच जाणार, आणि पाळी झाली की दुसऱ्या सोमवारी त्याने उशिरा यायचं. कोणाची पाळी आहे हे सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं. रात्रीचे फोन पुष्कळ कमी झाले. मी फोनमधलं ऑफिसचं प्रोफाइल सातला बंद करते, आणि रात्री काही सुचलंच तर मेल लिहून सकाळी जाईल अशी वेळ लावते, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याचा फोन वाजत नाही.

घरच्यांशीही असंच बोलावं लागलं. ‘तू घरीच आहेस ना’ म्हणत गॅसचं सिलिंडर, कुरिअर, प्लंबर सगळे माझ्याकडे यायचे. सासूबाईंना मी कॉलच्या वेळा फ्रिजवर लावून दिल्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, आधी सांगितलं असतंस तर मीच दार उघडलं असतं.’ तेव्हापासून दुपारपर्यंतचं दार त्यांचं, संध्याकाळचं नवऱ्याचं. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून गुरुवारी मी ऑफिसलाच जाते. माणसं भेटतात, तेही हवं असतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. माझी इतकी वर्षं झाली होती म्हणून मी हे मागू शकले. नुकत्याच लागलेल्या मुलाने रात्रीचा फोन उचलला नाही, तर त्याची बाजू कोण घेणार? फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. असा कायदा व्हायलाच हवा असं मला वाटतं. तोवर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी पाळीचा तक्ता दाखवते आणि तुझं नाव नसेल तेव्हा फोन उचलू नकोस, असं स्पष्ट सांगते.

आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या कॅलेंडरवर एक आठवण लागलेली असते: कॉल साडेपाचवरून साडेसहावर जाणार, तर कॉल असलेल्या दिवशी कामाची सुरुवातही तासभर उशिरा करायची. हे सगळ्यांना आधी कळवलं नाही, तर संध्याकाळचा तास जातो आणि सकाळचा परत मिळत नाही.